ऐकवतो, देत नाही

जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले. आवाज टिपणारे यंत्र त्याच्या ४४ वर्षे आधीच भारतात आले होते. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात मुक्काम ठोकला, गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांची माणसे गावोगाव गवई शोधत हिंडू लागली. खाँसाहेबांचे गाणे मात्र मिनिटभरही कुठे मुद्रित झाले नाही. त्यांच्याकडे शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचेही काही नाही. ज्यांचे नाव निघताच महाराष्ट्रात आजही कानाच्या पाळीला हात जातो, त्या दोघांचा आवाज ऐकलेले माणूस आता जवळजवळ कुणी उरलेले नाही.

ज्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या, त्यांचे तरी काय राहिले? लाखेच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात आलाप, बोल, ताना सगळे उरकायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत चमत्कार केले हे कबूल, पण चमत्कार तीन मिनिटांचाच. एकच राग तासभर मांडणारा गवई, रात्री दहाला बसून पहाटे भैरवीला उठणारी बैठक, मध्येच कुणा जाणकाराने केलेली फर्माईश आणि त्यावर बुवांनी काढलेला एखादा अनवट राग, हे कंपनीच्या यादीत बसणारे नव्हते. पुढे एल.पी. आली तरी एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे मजल गेली नाही. अमीर खाँसाहेबांसारख्या, सगळ्या ख्यालगायनावर छाप पाडणाऱ्या गायकाच्याही हयातीत मोजक्याच एल.पी. निघाल्या.

तरीही गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे लोक गाणे ‘ऐकत’ मोठे झाले, त्यांना या गवयांचे तास-तास ऐकायला मिळाले आहेत. ते दुकानातून आले नाहीत. आकाशवाणीनेही सगळे दिले नाही. ते कुणाच्या तरी मामांकडून आले, बँकेतल्या सहकाऱ्याकडून आले, तबला वाजवणाऱ्या शेजाऱ्याने ‘कुणाला सांगू नका’ या अटीवर दिले. खाजगी मैफलीत लावलेल्या यंत्रावर टिपलेले आणि मग हातोहात, कॉपीवरून कॉपी होत फिरलेले हे गाणे आपल्याकडची खरी भूमिगत संगीतसृष्टी. तिच्यावर वेष्टन नाही, किंमत नाही, प्रकाशन समारंभ नाही. माझे मत विचाराल तर विसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी गायकीचा खरा इतिहास याच फितींवर आहे. कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिका म्हणजे त्या इतिहासाची अनुक्रमणिका.

स्पूल रेकॉर्डर मुंबई-पुण्यातल्या घरांत दिसू लागले ते साधारण १९५०च्या दशकात. फिलिप्स, ग्रुंडिग अशी नावे. यंत्र उचलायला धडधाकट माणूस लागे आणि विकत घ्यायला त्याहून धडधाकट खिसा. म्हणून सुरुवातीचे मुद्रक बहुतेक डॉक्टर, इंजिनीअर, गिरणीतले वरचे अधिकारी, नाहीतर परदेशी जाऊन आलेले प्राध्यापक. आयातीवर निर्बंध होते. कुणी बोटीने येताना आणलेले, कुणी मुसाफिरखान्यातून मिळवलेले. बिघडले की लॅमिंग्टन रोडवर ओळखीचा मेकॅनिक गाठायचा.

सात इंची स्पूलवर १,२०० फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालवली तर एका बाजूला ३२ मिनिटे, आवाज उत्तम. पावणेचार इंचांनी चालवली तर ६४ मिनिटे, आवाज बरा. फीत महाग, बुवा लांब गाणारे. मुद्रण करणारा काय करणार? पावणेचार. आज आपण ज्या ध्वनिमुद्रणांच्या दर्जाबद्दल नाके मुरडतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कुण्या मध्यमवर्गीय गृहस्थाने घरखर्चाशी केलेली ती तडजोड असते. आणि विलंबित ख्याल ऐन रंगात आलेला असताना गाणे खटकन तुटून पुन्हा दुसऱ्याच आवर्तनात सुरू होते, तेव्हा समजायचे की इथे गृहस्थ अंधारात स्पूल बदलत होते. एक-दोन मिनिटांचे ते भोक कायमचे. त्या भोकात काय गायले गेले याबद्दल मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या रसभरीत वर्णने ऐकायला मिळतात.

मैफली कुठल्या? गिरगावातली लक्ष्मी बाग, चाळींचे गणेशोत्सव, सांताक्रूझचे सबर्बन म्युझिक सर्कल, १९५३पासून पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव. आणि या सगळ्यांहून जास्त म्हणजे दिवाणखाने. वीस-पंचवीस माणसे, गादी-लोड, मध्यंतरात कॉफी. अशा घरगुती बैठकीत गवई मोकळा असतो. समोर ओळखीचे चेहरे असतात, घड्याळ नसते, आणि चुकले तर चुकले. बुवा मध्येच थांबून बंदिशीचा इतिहास सांगतात, तबलजीला चिमटा काढतात, कुणाच्या तरी नावाने सुस्कारा टाकतात. हे सगळे फितीवर येते. नभोवाणीच्या स्टुडिओतून ते कधीच आले नसते.

नभोवाणीचाही वाटा होताच. १९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्या वेळचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर पुण्याचे. सिनेसंगीताला हाकलून श्रोत्यांना रेडिओ सिलोनच्या दारात नेऊन सोडल्याबद्दल त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली, पण शनिवारच्या रात्री घराघरांत शास्त्रीय गाणे पोचवण्याचे पुण्यही त्यांच्याच खात्यावर मांडले पाहिजे. रेडिओतून थेट तार जोडण्याची सोय सगळ्यांकडे नव्हती. मग रेडिओसमोर मायक्रोफोन ठेवायचा आणि घरातल्यांना दटावून गप्प बसवायचे. अशा फितींत समेच्या आसपास मूल रडते, बादली आपटते, आणि एखाद्या ठिकाणी ‘अहो, झालं का तुमचं?’ असा वैतागलेला बाईमाणसाचा आवाजही येतो. त्या घरच्या बाईने रात्रीचे जेवण किती वेळा गार केले, याची नोंद कुठल्याही संगीत-इतिहासात नाही.

आता देवाणघेवाणीकडे. इथे एक अलिखित घटना होती, आणि आहे.

ठाण्यात राहणारे एक संग्राहक मला बरीच वर्षे माहीत आहेत. नाव छापू नका असे त्यांचे म्हणणे, तेव्हा नुसते काका म्हणतो. सरकारी नोकरीतून कधीच निवृत्त झाले. घर दोन खोल्यांचे, त्यातल्या एका भिंतीला पोलादी कपाट. कपाटात स्पूल आडव्या रचलेल्या नाहीत, उभ्या आहेत. आडव्या ठेवल्या की फीत एका बाजूला बसते, असे पहिल्याच भेटीत त्यांनी बजावले. खाली कॅसेटचे खण. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर नुसता आकडा. त्या आकड्याचा अर्थ सांगणारी वही वेगळी, आणि ती वही कपाटात नाही. कुठे आहे ते काकूंनाही माहीत नाही.

“ऐकवतो,” काका म्हणाले, “देत नाही.”

“का?”

“अहो, दिली की गेली. ज्याला दिली तो दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला. सहा महिन्यांनी कुणीतरी माझ्याच घरी येऊन मलाच ऐकवतो, ‘काका, हे बघा, दुर्मीळ आहे.’”

हा धंदा पैशांचा नव्हताच. विकणाऱ्याला या वर्तुळात मान नाही. चलन एकच, दुसऱ्याकडे नसलेले गाणे. नियम ‘एकाला एक’. मी तुला बुवांचा खोकर दिला तर तू मला बिहागडा द्यायचा. बिहागडा द्यायला नसेल तर पुढच्या बैठकीचे आमंत्रण मिळवून द्यायचे, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे घेऊन जायचे. नवख्या माणसाला आधी नुसते बसवून घेत. दोन-तीन बैठकांत हा कुठे मान हलवतो, कुठे ‘वा’ म्हणतो, ते पाहत. चुकीच्या ठिकाणी दाद दिली की चहा मिळे, कॅसेट मिळत नसे. पटला तर मग ‘भरून देतो’. रिकामी कॅसेट आपण न्यायची आणि ती चांगल्या कंपनीची हवी.

यात कावेबाजपणाही भरपूर. काही जण कॉपी देताना शेवटची पाच मिनिटे कापत. कुणी मध्ये कुठेतरी बारीकशी खूण सोडत, म्हणजे आपल्याच कॉपीची पिलावळ बाजारात हिंडताना ओळखू येईल. राग मुद्दाम चुकीचा लिहून देणारेही होते. घेणाऱ्याच्या कानाची परीक्षा, असे ते म्हणत. आणि ‘माझ्याकडे आहे’ असे नुसते सांगून वर्षानुवर्षे भाव खाणारा एक तरी इसम प्रत्येक गावात सापडतो. त्याच्याकडे ती फीत असते की नसते, हे त्याच्या पश्चातच कळते.

या सगळ्यात जयपूर-अत्रौलीचे गाणे सर्वांत मौल्यवान समजले जाई, आणि त्याला कारण आहे. त्या घराण्याची श्रीमंती अनवट आणि जोडरागांत. सावनी, भूपनट, बसंती केदार, संपूर्ण मालकंस, जैत कल्याण, खट. हे राग रोज कुणी गात नाही. बंदिशी घराण्याबाहेर जाऊ नयेत म्हणून जपलेल्या. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मंजी खाँसाहेबांकडे आणि त्यांच्यानंतर भूर्जी खाँसाहेबांकडे शिकले, म्हणजे थेट अल्लादिया खाँसाहेबांच्या घरातच. मन्सूर आयुष्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्रभर गायले, आणि प्रत्येक बैठकीत पुढचा राग कोणता येईल याचा नेम नसे. त्यामुळे त्यांच्या बैठकीनंतर दोन दिवसांत फोनाफोनी सुरू होई. काय गायले, कुणी घेतले, कधी मिळेल. चाळीस मिनिटांच्या एका रागासाठी माणसे धारवाडहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला कॅसेट घेऊन गेलेली आहेत. हेच काम टपालानेही होई. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या तळघरांत रंगलेल्या बैठकी तिथल्या उत्तम डेकवर टिपल्या जात, आणि कुणी सुट्टीवर आले की बॅगेत चॉकलेटांच्या खाली कॅसेटी निघत.

काकांकडे बसून एक फीत ‘वाचायला’ शिकणे, हा मला या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. डब्यावर काही लिहिलेले नाही. एक पुरुषाचा आवाज, राग पूर्वी, तबला-हार्मोनियम. कोण, कुठे, कधी? काका डोळे मिटून बसतात. गाण्याकडे त्यांचे अजून लक्षच नाही.

“मागे घंटा ऐकलीत? ट्रामची. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४च्या ३१ मार्चला धावली. म्हणजे हे त्याआधीचं.”

फीत पुढे जाते. हार्मोनियमवाल्याची एक लकब त्यांना ओळखीची वाटते. ही माणसे साथीदारांना त्यांच्या सवयींवरून ओळखतात, गायक त्यानंतर. मग प्रश्न पट्टीचा. बुवा पांढरी दोनमध्ये गाताहेत असे पेटीवरून लागते, पण काकांच्या मते हे बुवा जन्मात काळी एक सोडून गायले नाहीत. मग यंत्रच जास्त वेगाने फिरते आहे का? इथे कामाला येते ती विजेची गुणगुण. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि जुन्या मुद्रणांत त्या हेलकाव्याची बारीक हुं-हुं गाण्याच्या तळाशी राहिलेली असते. हल्ली ती संगणकावर मोजता येते. काकांच्या भाच्याने मोजून दाखवली. ५३च्या आसपास. म्हणजे फीत सुमारे सहा टक्के जास्त वेगाने चालली होती, आणि सहा टक्के म्हणजे बरोबर अर्धा सूर. वेग उतरवला, पेटी काळी एकला आली, आणि त्या वेगामुळे जरा चिरका वाटणारा आवाज एकदम रुंद, वयस्क झाला. काकांनी डोळे उघडले. “हं. आता बुवा आले.”

नाव त्यांनी सांगितले. ते मी इथे देत नाही, कारण एका माणसाच्या कानावर आणि भाच्याच्या संगणकावर एखाद्याच्या नावाने गाणे खपवणे बरे नव्हे. या वर्तुळात अशी खपवाखपवी फार झालेली आहे.

कॅसेटचे असेच. आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येत असेल तर हेडशेजारचा एक बारीक स्क्रू पाव आटा इकडे किंवा तिकडे फिरवायचा. ज्या डेकवर ती कॅसेट भरली गेली, त्याचे हेड किंचित तिरके बसलेले असणार. आपले हेडही तेवढेच तिरके केले की तानपुऱ्याची जवारी उघडते. स्पूलचा एक चमत्कार आणखी वेगळा. गुंडाळलेल्या फितीत एका थरावरचा जोरकस आवाज शेजारच्या थरावर अंधुक उमटतो. वर्षानुवर्षे न हलवता ठेवलेल्या स्पूलवर म्हणूनच तान येण्याच्या क्षणभर आधी त्याच तानेची पुसट चाहूल लागते. यावर उपाय म्हणून काका ऐकून झालेली स्पूल उलटी गुंडाळत नाहीत. तशीच, शेवट बाहेर ठेवून, कपाटात ठेवतात. मग चाहूल आधी न लागता नंतर, प्रतिध्वनीसारखी येते आणि गाण्यात लपून जाते.

इथवर सगळे गोड आहे. आता कडू.

यातले पुष्कळ मुद्रण गायकाला न विचारता झालेले आहे. केसरबाई केरकरांचे उदाहरण सर्वांना माहीत असते, पण पुरते बोलले जात नाही. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई १९२१पासून अल्लादिया खाँसाहेब जाईपर्यंत त्यांच्याकडे शिकल्या. आधी त्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या, पण पुढे रेडिओ आणि ध्वनिमुद्रण यांच्याकडे त्यांनी पाठच फिरवली. मैफलीत कुणी यंत्र लावलेले दिसले तर बाई गाणे थांबवत, असे जुनी माणसे सांगतात. तरी त्यांच्या खाजगी मैफलींच्या फिती आज फिरताहेत. म्हणजे कुणीतरी बाईंच्या इच्छेविरुद्ध, बहुधा त्यांच्या पाठीमागे, यंत्र चालवले. आणि नियतीचा विनोद असा की त्यांच्या ज्या एका ध्वनिमुद्रिकेतली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी नासाने १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घातली, ती साडेतीन मिनिटे आता सूर्यमालेच्या कडेपलीकडे निघाली आहेत. याने उडाली त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या.

बाईंचा नकार हा लहरीपणा होता असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. शंभर वर्षांच्या मेहनतीने सांभाळलेला राग एकदा फितीवर गेला की कुणीही ती फीत पन्नास वेळा फिरवून उचलू शकतो. गुरूच्या पुढ्यात बसायला नको, घर सोडायला नको. शिवाय कलावंतीण म्हणून ज्या समाजाने पायरीवर उभे केले, त्याच समाजातल्या सभ्य गृहस्थांना आपला आवाज फुकट का द्यावा? बिदागी मैफलीची असते. पुढच्या साठ वर्षांच्या ऐकण्याची नव्हे. हा हिशेब बाईंना चांगला कळत होता. १९५७चा कॉपीराइट कायदा झाला तेव्हा गवयाला गवई म्हणून त्यात काही हक्क नव्हता. तो आला थेट १९९४च्या दुरुस्तीने. स्वतःपुरते, खाजगी ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी केलेले मुद्रण आजही कायद्याला चालते. ते विकणे, प्रसारित करणे चालत नाही.

आणि तरीही. अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत कुणीतरी असा अपराध केला असता तर? हे मी काकांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, पण खालच्या खणातून एक कॅसेट काढली आणि लावली. बाईंची होती. सबंध बाजू होईपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही. मला स्वतःला वाटते की अपराध होता आणि तो झाला हे फार चांगले झाले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. त्यांचा मेळ घालत बसण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती ती फीत आली, त्याच्यावर मात्र एक जबाबदारी येते. चोरून घेतलेली वस्तू निदान कपाटात कुजवू नये.

कुजवणे सर्रास चालू आहे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट काढली, ऐंशीच्या दशकात ती भारतभर घराघरांत गेली, आणि फिती कॉपी करणे ही शाळकरी पोराच्याही आवाक्यातली गोष्ट झाली. कॉपीवरून कॉपी काढली की दर पिढीला खरखर वाढते, वरचे सूर झिजतात. चौथ्या-पाचव्या पिढीच्या कॉपीत तानपुरा ऐकू येत नाही. गाणे येते, गाण्याची खोली येत नाही. त्यामुळे मूळ फीत कुणाकडे आहे याला महत्त्व. आणि मूळ फिती ज्यांच्याकडे आहेत ती माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. मुंबईच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी चढते, पांढरी, पिठासारखी. काही फितींवरचा लेप सुटून हेडला चिकटतो आणि मग त्या वाजवणे म्हणजेच त्या मारणे. संग्राहक जातो. मुलगा बंगळुरूला किंवा बॉस्टनला. फ्लॅट पुनर्विकासाला दिलेला. कपाट पोलादी म्हणून त्याला भाव येतो. आतल्या मालाला येत नाही.

या मंडळींपैकी ज्यांनी वेगळा मार्ग धरला, त्यांचे नाव घ्यायला हवे. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांचे लोक. चोरबाजारात ढिगाऱ्यातून तबकडी उचलायची, धुवायची, तिच्यावरच्या आकड्यांचा छडा लावायचा, हे त्यांचे व्यसन. पण त्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचे नियतकालिक काढले आणि आपल्याला जे सापडले ते छापून मोकळे झाले. कुणी कधी काय गायले, कंपनीचा क्रमांक कोणता, याद्याच याद्या. बाहेरच्याला रुक्ष वाटेल. मला ते एखाद्या कादंबरीइतके वाचनीय वाटते, कारण त्यात ‘माझ्याकडे आहे’ या वाक्यापुढे ‘आणि हे घ्या’ असे लिहिलेले असते. संग्राहक आणि साठेबाज यांच्यातला फरक एवढाच.

संस्थाही आहेत. नझीर जयराजभॉय यांच्या पुढाकाराने १९८२ साली उभे राहिलेले आणि आज गुरगावला असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-संग्रहालय खाजगी संग्रह रीतसर करार करून घेते. देणाऱ्याने घातलेल्या अटीही पाळते. मुंबईत एनसीपीएचा संग्रह आहे. अशोक दा. रानडे आयुष्यभर कानीकपाळी ओरडत राहिले की गाण्याचे दस्तऐवज हेही दस्तऐवजच आहेत. त्यांच्या नावाचा संग्रह पुण्यात आहे. पण संस्थेकडे जाणाऱ्या संग्राहकाला एक भीती असते. तिथे गेले की आपले गाणे कुणी ऐकणार नाही, नुसते क्रमांक होऊन पडेल. ती भीती अगदीच खोटी नाही. या फिती जगल्या त्या ऐकणाऱ्यांमुळे. कुणीतरी कुणाला तरी ‘बस, हे ऐक’ म्हटल्यामुळे. यूट्यूबवर आता शेकडो तास पडलेले आहेत, ते बहुतेक याच फितींमधून गेलेले. पण तिथे जाताना स्थळ, साल, साथीदार, कुणी टिपले, कुणाकडून आले हे सगळे गळून पडते आणि उरते ते ‘रेअर’ एवढे विशेषण. काकांसारख्यांच्या वहीत जे आहे, ते तिथे नाही.

म्हणून वाचकांना विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून आजोबांच्या फिती निघाल्या असतील आणि अजून भंगारात गेल्या नसतील, तर त्या टाकू नका. लगेच वाजवूही नका. बुरशी दिसली तर जाणत्याला दाखवा. उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकर आणि मिक्सरपासून लांब. डब्यावर जे काही लिहिले असेल, अगदी ‘दादांकडे, कोजागिरी’ एवढेच असले तरी, त्याचा फोटो काढा. त्या बैठकीला हजर असलेले एखादे माणूस घरात अजून असेल तर त्याला आजच विचारा की कोण गायले, तबल्याला कोण होते, खोलीत किती माणसे होती. ते लिहून काढा. मग मूळ फिती एखाद्या संग्रहाला द्या आणि एक कॉपी कुणा तरुण गाणाऱ्याला भरून द्या. काकांची वही कुठे आहे ते गेल्या महिन्यात त्यांनी भाच्याला सांगितले आहे.